गोष्ट लेखकाची, प्रश्न जोडीदाराचे: लिहिताना अडखळणाऱ्या मुलांसाठी वर्गात जोड्या कशा लावाव्यात

‘मांजर आल. मासा खला. पळाल.’

अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे समज असूनही वाचणं-लिहिणं जड जाणाऱ्या मुलाच्या वहीत गोष्ट बहुतेकदा एवढीच असते. मधल्या सुट्टीत त्याच मुलाला बोलतं केलं तर मांजर कुठून आलं, कोळीण मावशी काय ओरडली, टोपली कशी उलटली, हे सगळं तो हातवारे करून सांगतो. वहीपर्यंत येता येता गोष्ट आटते. कारण लिहिताना एकाच वेळी बरीच कामं करावी लागतात. पुढे काय घडलं ते आठवायचं, त्याचं वाक्य करायचं, वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, एकेक अक्षर शोधायचं, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवायचं, पेन्सिल ओळीवर ठेवायची. ज्याचं सगळं लक्ष ‘खाल्ला’मधल्या जोडाक्षरात अडकतं, त्याच्या हातून पुढचं वाक्य निसटतं. मग तो लिहायला सर्वांत सोपं असेल तेच लिहून मोकळा होतो.

जोडी लावायची ती ही कामं वाटून घेण्यासाठी. गोष्ट मुलाचीच राहते. ती सुटू नये म्हणून जोडीदार काही काळ दुसरं टोक धरून ठेवतो. खालची पद्धत दोन जुन्या, नीट तपासलेल्या मार्गांवर बेतलेली आहे. कॅरेन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम या अमेरिकी संशोधकांनी लेखनात मागे पडणाऱ्या मुलांना गोष्टीचे घटक प्रश्नरूपाने शिकवले, तर स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या कीथ टॉपिंग यांनी जोडीने लिहिण्याचे टप्पे बसवले. आपल्या शाळांचे तास, आपली लिपी आणि आपली मुलं पाहून इथे त्यात बदल केले आहेत.

वर्गात ‘हुशार’, ‘कच्चा’ हे शब्द वापरू नका. लिहिणारा तो लेखक आणि मदत करणारा तो जोडीदार, एवढंच म्हणा. लेखकाच्या निदानाबद्दल जोडीदाराला काही सांगायचं नाही. प्रमाणपत्र आणि तपासणी अहवाल हा घर, शाळा आणि विशेष शिक्षक यांच्यातला विषय आहे. ‘याला गोष्ट लिहायला थोडा वेळ लागतो, तू ऐकणारा हो’, एवढी माहिती जोडीदाराला पुरते.

जोडी लावणं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहिल्या नंबरची मुलगी शेवटच्या मुलाशेजारी बसवली की काम झालं असं वाटतं, पण दोघांमधलं अंतर फार पडतं. तिला जे आपोआप येतं ते दुसऱ्याला का जड जातं हे दिसत नाही. ती कंटाळते आणि उत्तर सांगून टाकते.

लिखाणाच्या क्रमाने वर्गाची यादी करा आणि ती मधोमध कापा. चाळीस मुलं असतील तर १ सोबत २१, २ सोबत २२, याप्रमाणे खाली या. शेवटच्या चार-पाच मुलांना अशा रीतीने मधल्या फळीतले जोडीदार मिळतात, आणि बहुतेकदा तेच सर्वांत चांगले निघतात, कारण अडखळणं काय असतं हे त्यांना ताजं आठवत असतं. यादी तुमच्याजवळच ठेवा, मुलांना दाखवू नका. स्वभाव पाहून दोन-तीन अदलाबदली कराव्याच लागतील. उतावळं मूल जोडीदार म्हणून चालत नाही. हस्ताक्षर सुमार असलं तरी चालतं.

शब्दही लिहिता न येणाऱ्या मुलासाठी दोन इयत्ता पुढचा जोडीदार घ्या, म्हणजे चौथीतल्या लेखकाला सहावीतला. शाळा दोन अधिवेशनांत भरत असेल तर दोघं एकाच अधिवेशनातले हवेत. सकाळची शाळा सुटताना आणि दुपारची भरताना मिळणाऱ्या दहा मिनिटांत, फाटकावरच्या गर्दीत, काही होत नाही.

जूनमध्ये सुरुवात करू नका. जुलैत मुसळधार पाऊस झाला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांना सुट्टी लागते. शाळा भरली तरी पाणी साचल्यामुळे निम्मा वर्ग घरी असतो. जोड्या जमण्याआधीच तुटतात. मग गणपती, सहामाही, दिवाळी. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आठ आठवडे सर्वांत सलग मिळतात. स्नेहसंमेलनाच्या तालमींचा आठवडा तेवढा वगळा. आठवड्याला तीन तास, प्रत्येकी ३० ते ३५ मिनिटं. तीन तासांत एक गोष्ट. दर सहा-सात जोड्यांमागे एक राखीव जोडीदार आधीपासून तयार ठेवा.

आधी जोडीदाराला शिकवा

प्रशिक्षणाशिवाय बसवलेला जोडीदार दहा मिनिटांत छोटा मास्तर होतो. त्यामुळे लेखकासोबत बसण्याआधी जोडीदारांचे चार तास वेगळे घ्या. त्यांत शिकवायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या अंगवळणी पडायला हव्यात.

पहिली म्हणजे थांबणं. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. मुलांना हे सर्वांत कठीण जातं. शिक्षकांनी अडलेल्या मुलाचं सोंग घ्यावं, छताकडे बघत बसावं आणि जोडीदारांना आकडे मोजायला लावावेत.

दुसरी म्हणजे प्रश्न. ‘मग?’, ‘कोण?’, ‘तिथे काय दिसत होतं?’, ‘त्याला काय हवं होतं?’, ‘ती काय म्हणाली?’ हे पाच प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून जोडीदाराकडे द्या. त्यांतला ‘मग?’ सर्वांत कामाचा. जोडीदाराने ‘मग त्याने काय केलं असेल, पळाला असेल ना?’ असं विचारलं की प्रश्नातच उत्तर पुरवलं जातं. हा फरक उदाहरणांनी दाखवून द्या.

तिसरी, न बोलायची वाक्यं: ‘सोपं तर आहे’, ‘अरे चुकलं’, ‘असं नको, असं लिही’. ‘सोपं आहे’ हे धीर द्यायला म्हटलं जातं, पण ज्याला ते जमत नाही त्याला ते अपमानासारखं लागतं. हे जोडीदारांना स्पष्ट सांगा, मुलांना ते लगेच समजतं.

लागणारं साहित्य

प्रत्येक जोडीला: पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या ७ चिठ्ठ्या, एक दुरेघी वही, साध्या कागदाची शब्दपट्टी, लेखकाला काळी पेन्सिल, जोडीदाराला हिरवी. कोणी काय लिहिलं हे रंगावरून शिक्षकांना एका नजरेत कळतं. पहिले दोन आठवडे शक्य तिथे जोडीदाराला पेन्सिलच देऊ नका. हातात पेन्सिल असली की ती कागदावर टेकतेच.

सात चिठ्ठ्यांवर सात प्रश्न: कोण? कधी? कुठे? त्याला काय हवं होतं? मग काय झालं? शेवटी काय झालं? कसं वाटलं? क्रम लक्षात राहायला एक पट्टी करा. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीची सुरुवातीची स्टेशनं नेमकी सातच आहेत: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. या पट्ट्यातल्या मुलांना हा क्रम पाठ असतो. लांब पट्टीवर सात गोल काढायचे, प्रत्येकाखाली स्टेशन, वर गोष्टीचा प्रश्न. ‘ऐरोली आलं, कुठे ते सांगितलंस का?’ असं जोडीदार म्हणू शकतो. काही मुलं मात्र गोंधळतात आणि गोष्टच ऐरोलीत घडवतात. त्यांना स्टेशनांची नावं नसलेली, नुसत्या सात गोलांची पट्टी द्या.

विषय म्हणून ‘माझी अविस्मरणीय सहल’ देऊ नका. चित्र किंवा फोटो द्या, ज्यात काहीतरी बिघडलेलं किंवा बिघडायच्या बेतात आहे. तलावपाळीच्या कट्ट्यावर एकच चप्पल. खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंच्या थव्यापासून लांब उभा असलेला एकटा पक्षी. मार्केटमध्ये हातगाडीवरून घरंगळणारे आंबे. नुसतं सुंदर दृश्य दिलं तर मूल वर्णन करतं, गोष्ट सांगत नाही.

पहिला तास: गोष्ट तोंडाने

या तासाला वही उघडायची नाही.

लेखक चित्र पाहून गोष्ट सांगतो, जोडीदार ऐकतो आणि विचारतो. नमुन्यादाखल:

लेखक: मांजर आलं. मासा खाल्ला. पळालं.
जोडीदार: कुठे आलं?
लेखक: बाजारात. दिवाळे गावच्या.
जोडीदार: मग?
लेखक: मावशी दुसरीकडे बघत होती.
जोडीदार: कोण मावशी?
लेखक: मासे विकते ती. तिच्या टोपलीत सगळे बोंबील होते. मांजराला सुरमईच पाहिजे होती.

शेवटच्या वाक्यात गोष्ट सापडली. मांजराला काहीतरी हवं आहे आणि ते मिळत नाहीये. जोडीदाराने इथे ‘मावशीने काठी मारली असं कर’ म्हटलं असतं तर सुरमई कधीच आली नसती.

पाच-सात मिनिटांत तोंडी गोष्ट झाली की चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर लेखक छोटं चित्र काढतो किंवा एखादा शब्द लिहितो. चित्र रेघोट्यांचं चालेल. लेखक तोंडाने म्हणाला तोच शब्द जोडीदार लिहू शकतो, स्वतःचा नाही. लिहिलेल्या चिठ्ठ्या बाकावर ओळीने मांडायच्या, लेखक एकेकीवर बोट ठेवून गोष्ट पुन्हा सांगतो. दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट जवळजवळ नेहमीच वाढते, एखादी चिठ्ठी मागे-पुढे सरकते. हे दुसरं सांगणं वेळेअभावी गाळलं जातं, आणि तिथेच नुकसान होतं. वेळ कमी असेल तर चित्रं कमी काढा, पण पुन्हा सांगणं ठेवा.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. या शहरांत घरी आगरी, कोळी, हिंदी, भोजपुरी, कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत आहेत. पहिल्या तासाला लेखक ज्या बोलीत सांगेल त्या बोलीत सांगू द्या. जमेल तिथे ती बोली येणारा जोडीदार द्या. वहीत पात्रांचे संवादही त्याच बोलीत राहू द्या. मावशी जशी बोलते तशीच वहीत बोलली पाहिजे. ‘आनी’, ‘पानी’ हे चुकीचं लेखन धरून आत्ता खोडू नका. मूल जे उच्चारतं तेच त्याने प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

दुसरा तास: वहीत उतरवणं

एका चिठ्ठीचं किमान एक वाक्य. लेखक वाक्य मोठ्याने म्हणतो आणि शब्दागणिक एक बोट उघडतो: मांजराला, सुरमई, हवी, होती. चार बोटं. मग वहीत चार आडव्या रेघा मारतो आणि प्रत्येक रेघेवर एक शब्द लिहितो. रेघांमुळे वाक्य कागदावर धरलेलं राहतं, डोक्यात धरून ठेवावं लागत नाही. मधे अडकला तर जोडीदार फक्त वाक्य पुन्हा म्हणतो. वाक्य झालं की लेखक ते वाचतो आणि मग पुढची चिठ्ठी उचलतो. एकाआड एक ओळ रिकामी ठेवा, पुढे दुरुस्तीला ती लागते.

किती मदत द्यायची यासाठी टॉपिंग यांच्या पाच पायऱ्या उपयोगी पडतात:

१. जोडीदार सगळं लिहितो, लेखक ते वहीत उतरवतो.
२. अवघड शब्द जोडीदार वहीत लिहितो, बाकी लेखक.
३. अवघड शब्द जोडीदार शब्दपट्टीवर लिहितो, लेखक बघून वहीत घेतो.
४. जोडीदार अवघड शब्द कसा लिहायचा ते तोंडी सांगतो.
५. लेखक सगळं स्वतः लिहितो.

पायरी शिक्षक ठरवतात, जोडीदार नाही. शंका असेल तर एक पायरी जास्त मदतीची घ्या, आणि एकाच गोष्टीत वर-खाली व्हायला मोकळीक ठेवा. थकलेलं मूल चौथ्या वाक्यानंतर तिसऱ्या पायरीवरून पहिलीवर आलं तर ती माघार समजू नका.

लिपीच्या अडचणी जोडीदाराला ठाऊक हव्यात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची पण उच्चार नंतर, म्हणून ‘दिवस’ लिहिताना वेलांटी चुकीच्या बाजूला किंवा भलत्याच अक्षरावर जाते. शब्दपट्टीवर ती वेलांटी रंगीत काढावी. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांची गल्लत होते, कारण फरक फक्त एका गाठीचा किंवा वळणाचा असतो. जोडाक्षर शब्द तोडून म्हणावा: खा, ल्ला. शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगळी न काढता शब्द पूर्ण झाल्यावर एकदम काढू द्या. हात कमी उचलावा लागतो, आणि दोन शब्दांमधली जागा आपोआप दिसते.

ज्या मुलाचा हातच दुखतो, अक्षरं ओळीखाली घसरतात, त्याला दोन-तीन वाक्यांपुढे लिहायला लावू नका. उरलेली गोष्ट तो सांगेल, जोडीदार हिरव्या पेन्सिलीने लिहील. यात फसवणूक नाही. तोंडाने नीट, थांबत-थांबत, पूर्ण वाक्यात सांगणं हे शिकावं लागणारं कौशल्य आहे. दहावीच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. पण लेखनिकाला उत्तर कसं सांगायचं याची सवय नसेल तर तो लेखनिक फारसा उपयोगी पडत नाही. ती सवय चौथी-पाचवीत गोष्टींतून लागते. शिक्षकांच्या फोनवर जीबोर्डसारखं मराठी बोलून टाइप करणारं साधनही चालेल, मात्र गोंगाटाच्या वर्गात ते भलतेच शब्द टिपतं. त्यासाठी रिकामी खोली हवी.

तिसरा तास: वाचणं आणि दुरुस्ती

जोडीदार गोष्ट जशी लिहिली आहे तशी मोठ्याने वाचतो. गाळलेला शब्द मनाने भरायचा नाही. ‘मावशी ओरडली मांजर’ असं वाचलं की लेखक स्वतःच म्हणतो, ‘आणि मांजर पळालं!’ डोळ्याला न दिसलेली चूक कानाला कळते. मग जोडीदार एक आवडलेली गोष्ट सांगतो आणि एक प्रश्न विचारतो. ‘छान आहे’ चालणार नाही. ‘मांजराला बोंबील नको होते ते आवडलं’ असं नेमकं हवं. प्रश्नाचं उत्तर लेखक रिकाम्या ओळीत लिहितो, लिहायचं नसेल तर तोंडी देतो.

शुद्धलेखन यानंतर, आणि एका गोष्टीत एकच प्रकार. पहिल्या दोन गोष्टींत फक्त पूर्णविराम. पुढच्या दोनांत काना-मात्रा. मग अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी, कारण ते कानाला नीट ऐकू येत नाही आणि बहुतेक पाठच करावं लागतं. चूक असलेल्या ओळीशेजारी जोडीदार समासात हिरवा ठिपका देतो, चूक कुठे आहे ते लेखक शोधतो. एका गोष्टीत तीनपेक्षा जास्त ठिपके नकोत. अडखळत लिहिणाऱ्या मुलाची वही लाल खुणांनी भरली की पुढची गोष्ट आणखी आखूड होते, कारण कमी लिहिलं तर कमी चुकतं, हे त्याला लगेच कळतं.

प्रत्येक गोष्टीची स्वच्छ प्रत काढायला लावू नका. तीनांतली एक लेखकाने निवडावी.

बिघडतं कुठे

जोडीदार गोष्ट ताब्यात घेतो, हा नेहमीचा बिघाड. वहीत ‘निसर्गरम्य’, ‘अचानक आकाशात ढग दाटून आले’ अशी भाषा दिसली की ओळखा. वही बंद करून लेखकाला गोष्ट सांगायला लावा. सांगता आली नाही तर ती त्याची नव्हे. जोडीदाराला न रागावता पुन्हा नुसत्या पाच प्रश्नांवर आणा आणि आठवडाभर पेन्सिल काढून घ्या.

लेखक गप्पच बसला तर मोकळा प्रश्न सोडून दोन पर्याय द्या: ‘घरात की रस्त्यावर?’, ‘दिवस की रात्र?’ तीन-चार निवडी झाल्या की बोलणं सुरू होतं. कार्टूनचीच गोष्ट सांगितली तर ती घ्या, फक्त एक गोष्ट बदलायला सांगा: जागा, शेवट किंवा नायकाला काय हवं ते. उधार गोष्टीवर चिठ्ठ्यांचा क्रम उत्तम शिकता येतो.

लक्ष टिकत नसेल तर ३० मिनिटांचे दहा-दहाचे तीन तुकडे करा, मधे उठून चिठ्ठ्या आणण्यासारखं काम द्या. रेल्वे रुळांजवळच्या वर्गात किंवा गजबजलेल्या व्हरांड्यात लेखकाला भिंतीकडे तोंड करून, जोडीदाराला त्याच्या पेन्सिल नसलेल्या हाताच्या बाजूला बसवा. समोरासमोर बसवलं की जोडीदार अक्षरं उलटी वाचतो आणि वही सतत फिरवत राहतो.

चिडवणं झालं, एकदाही, तर जोडी त्याच दिवशी मोडा. समजावून पुढे ढकलू नका. या मुलांनी आधीच पुष्कळ ऐकून घेतलेलं असतं.

‘आमच्या मुलीचा वेळ जातो’ अशी जोडीदाराच्या पालकांची तक्रार येईल आणि ती रास्त आहे. म्हणून दर तिसऱ्या गोष्टीत भूमिका बदला. जोडीदार स्वतःची गोष्ट लिहील आणि लेखक तेच पाच प्रश्न विचारेल. वाचता येत नसलं तरी ऐकून ‘कोण मावशी?’ विचारता येतं, आणि अडखळत लिहिणारी मुलं हे बहुधा फार नेमकं विचारतात. पालकांना मुलीची वही दाखवा.

आणि ही पद्धत विशेष शिक्षकांच्या कामाची जागा घेत नाही. आठ आठवड्यांनंतरही अक्षरं ओळखण्यात बदल नसेल तर तपासणी लांबवू नका. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे शाळेकडे सोयी मागणं हा मुलाचा हक्क आहे. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीला आहे. इतरत्र आपल्या शाळेच्या विशेष शिक्षकांकडून किंवा साधन व्यक्तींकडून पुढचा रस्ता विचारून घ्या.

नोंद

दर दोन आठवड्यांनी तीनच आकडे लिहा: सातपैकी किती प्रश्नांची उत्तरं गोष्टीत आली, एकूण शब्द किती, आणि मदतीची पायरी कोणती. गुण देऊ नका. सहसा पहिला आकडा आधी वाढतो, शब्द मागाहून वाढतात, पायरी सर्वांत सावकाश सरकते. शब्द वाढले पण घटक तितकेच राहिले तर मूल ‘मग, मग’ करत लांबवतं आहे. अशा वेळी ‘त्याला काय हवं होतं’ या चिठ्ठीवर एक पूर्ण तास घालवा. घटक वाढले पण शब्द घटले तर हात थकतो आहे, पायरी खाली आणा.

आठव्या आठवड्यात निवडलेल्या गोष्टींना दोरा ओवून पुस्तक करा आणि लेखकांना ते पहिलीच्या वर्गात वाचू द्या. वाचन जड जात असेल तर जोडीदार वाचेल, लेखक शेजारी उभा राहून चित्रं दाखवेल आणि पहिलीतल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देईल. मुखपृष्ठावर लेखक म्हणून एकच नाव घाला. जोडीदाराचं नाव आतल्या पानावर, ‘पहिला वाचक’ म्हणून. नोंदीचा कागद, शब्दपट्ट्या आणि कोणत्या पायरीवर काम थांबलं ते पुढच्या वर्गशिक्षकांना वहीसोबत द्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्या मुलाला पुन्हा पहिल्या चिठ्ठीपासून सुरुवात करावी लागणार नाही.